मधपेटीखालचा डिजिटल काटा दुपारी फुगतो, पहाटे उतरतो: दोष शोधण्याचा क्रम

लक्षण असं. मधपेटीखाली लोडसेलचा, म्हणजे भाराचा विद्युत संकेत करणाऱ्या सेलचा, काटा बसवला, मोबाइलवर आलेख दिसू लागला, पहिले दोन-चार दिवस छान गेले. मग लक्षात येतं की रोज दुपारी दोन-तीनच्या सुमारास वजन अर्धा-पाऊण किलोने चढतं आणि पहाटेपर्यंत जवळजवळ तेवढंच उतरतं. फुलोरा असो वा नसो, चाल तीच. मग कुणी कोड बदलतं, कुणी सेलचा संकेत वाचणारा एचएक्स७११ चा बोर्ड बदलतं, कुणी नव्याने कॅलिब्रेशन करतं. आठवडाभर बरं चालतं, की पुन्हा तेच.

या फेऱ्यातून मी गेलो आहे आणि त्याची किंमत माझ्या माश्यांनी मोजली. फुलोरा नुकता सुरू झाला होता. आलेखावर सलग चार दिवस दुपारी सहाशे-सातशे ग्रॅमची वाढ दिसत होती. मध भरायला लागला असं समजून मी वर मधकोठी, म्हणजे मधासाठीचा जादा मजला, चढवली. वसाहत अजून लहान होती, रात्री गार होत्या, आणि माझ्यामुळे तिला दुप्पट जागा उबदार ठेवावी लागली. पुढच्या तपासणीत कडेच्या चौकटींवरची पिल्लं गारठून मेलेली होती. कामकरी माश्यांनी ओढून बाहेर टाकलेल्या पांढऱ्या अळ्या तळपाटाच्या कडेला पडल्या होत्या, काहींना मुंग्या लागल्या होत्या. त्या चार दिवसांत पेटीत मध आलाच नव्हता. तापला होता तो काट्याचा धातू.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच आहे: काट्यावर माशी नसलेलं वजन ठेवून पाहिल्याशिवाय आलेखावरून माश्यांबद्दल काहीही ठरवू नका.

खरी पेटी दिवसभरात कशी हलते

काट्याचा दोष ओळखायचा तर निरोगी वसाहतीचा आलेख डोळ्यांत बसलेला हवा. मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) जातीची एक कामकरी माशी साधारण १०० मिलिग्रॅमची, म्हणजे एका किलोत दहा हजार माश्या. सकाळी ऊन अंगावर आलं की वेचणाऱ्या माश्या बाहेर पडतात आणि वजन खाली येतं. चार हजार माश्या बाहेर असतील तर ४०० ग्रॅम कमी. दुपारी मकरंद घेऊन ये-जा सुरू असते, तेव्हा रेषा हळूहळू वर चढते. संध्याकाळी सगळ्या परतल्या की दिवसातलं सर्वाधिक वजन दिसतं. रात्री माश्या पंख हलवून मकरंदातलं पाणी उडवतात. पिकलेल्या मधात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आणावं लागतं आणि ताज्या मकरंदात ते त्याच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे चांगल्या फुलोऱ्यात रात्रभरात काही शे ग्रॅम उतरणं हे उत्तम लक्षण आहे.

आता आपला दोषी आलेख शेजारी ठेवा. खरी वसाहत सकाळी आधी खाली जाते आणि शिखर संध्याकाळी गाठते. दोषी काटा सकाळपासून सरळ वर जातो, शिखर भर उन्हात गाठतो आणि सूर्य कलला की उतरायला लागतो. आलेखावर सकाळचा तो खड्डाच नसेल तर काट्याबद्दल शंका घ्या. काही सेलमध्ये परिणाम उलटा असतो, म्हणजे तापला की वजन कमी दाखवतो, आणि हा प्रकार जास्त फसवतो. तो सकाळच्या खऱ्या खड्ड्यात मिसळून जातो आणि वसाहत आहे त्यापेक्षा दणकट वाटते.

दगड ठेवा

पाण्याचा घट्ट बंद केलेला २० लिटरचा कॅन किंवा मोठा कोरडा दगड चालेल. लाकूड नको, ते दव आणि पाऊस पितं. हे मृत वजन त्याच काट्यावर, त्याच जागी, तेवढंच ऊन लागेल असं ठेवा आणि किमान तीन दिवस नोंदी घ्या. वसाहत हलवायची तयारी नसेल तर तसाच दुसरा काटा शेजारी मांडून त्यावर दगड ठेवा. पण ही पळवाट अर्धीच आहे. प्रत्येक लोडसेलचा स्वभाव वेगळा असतो, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन सेलचासुद्धा. शक्य असेल तर तोच सेल तपासा.

दगडही दुपारी फुगला, तर दोष काट्याचा हे ठरलं. दगड स्थिर आणि पेटी हलते, तर मग पेटीकडे बघा: छतावर साचलेलं पाणी, ओलं लाकूड, किंवा खरोखरच माश्या.

तापमानाची दुरुस्ती, पण योग्य ठिकाणच्या तापमानाने

लोडसेल म्हणजे वाकणारा धातूचा तुकडा आणि त्यावर चिकटवलेले चार स्ट्रेनगेज. वजन पडलं की धातू केसभर वाकतो, गेजचा रोध किंचित बदलतो आणि त्यातून येणारा विद्युतदाब एचएक्स७११ मोजतो. किती किंचित ते पाहा. १०० किलोचा, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट क्षमतेचा सेल ५ व्होल्टवर चालवला तर पूर्ण भाराला मिळतात १० मिलिव्होल्ट. म्हणजे १०० ग्रॅमला १० मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा दाबावर आपण थवा सुटला की नाही, म्हणजे जुनी राणी माश्यांचा घोळका घेऊन निघून गेली की नाही, हे ठरवतो! धातू तापून जरा प्रसरण पावला तरी आकडा हलणारच.

दुरुस्ती अशी करा. समजा २० किलोचा दगड पहाटे १८ अंशाला २०.००, तर दुपारी ३४ अंशाला २०.३६ दाखवतो. फरक ०.३६ किलो, तापमानातला फरक १६ अंश. म्हणजे दर अंशाला ०.०२२५ किलो. कोडमध्ये वजनातून (आताचं तापमान वजा १८) गुणिले ०.०२२५ वजा करा. दगडाची रेषा सपाट झाली पाहिजे.

बहुतेक वेळा ती होत नाही, आणि इथेच लोक कंटाळून सोडून देतात. कारण तापमान मोजलेलं असतं हवेचं, किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यातलं. सेल तापतो त्याच्या वेळेने. हवा सकाळी दहा वाजता तापली तरी पेटीच्या सावलीतला धातू बारापर्यंत थंड असतो. आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर दगडाचं वजन मांडून पाहा. ठिपके एका रेषेत न येता लांबट वळशाचा आकार करत असतील, चढताना एक वाट आणि उतरताना दुसरी, तर सेन्सर चुकीच्या जागी आहे. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरची धातूची टोपी थेट लोडसेलच्या अंगाला लावा, मध्ये थोडं उष्णतावाहक पेस्ट, वरून टेप. पण वाकणाऱ्या मधल्या भागावर घट्ट आवळू नका, बोल्ट लावलेल्या स्थिर टोकाकडे लावा. माझ्याकडे एवढ्यानेच वळसा मिटून रेष झाली.

हीच चाचणी एकदा कमी आणि एकदा जास्त वजनावर करा. दोन्ही वेळा घसरण सारखीच आली तर शून्यबिंदू सरकतो आहे, वरचं गणित पुरे. वजनाबरोबर घसरणही वाढली तर सेलची संवेदनशीलताच तापमानाने बदलते आहे, मग दुरुस्ती वजनाच्या प्रमाणात करावी लागेल.

आणि गणिताच्याही आधी, काट्याला सावली द्या. पेटीच्या दक्षिण-पश्चिमेला एक तिरका पत्रा, काट्यापासून चार बोटं लांब. पांढरा रंग. दुरुस्तीला जितकं कमी काम उरेल तितकी ती खरी ठरते.

हात लावून सापडणारे दोष

सेलचं एक टोक खालच्या चौकटीला, दुसरं वरच्या पाटाला आणि मधला भाग मोकळा, हे प्रत्येकाला माहीत असतं. तरी चिखलाचं ढेकूळ, वाढलेलं गवत, मुंग्यांसाठी पायाखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाटीची कड किंवा वाऱ्यासाठी बांधलेली दोरी वरच्या पाटाला टेकते आणि वजनाचा काही भाग परस्पर जमिनीला जातो. दोरी तर हमखास. ती ओलसर झाली की आवळते, वाळली की सैल होते, आणि आलेख तापमानासारखाच दिसतो. पेटी बांधायचीच असेल तर वरच्या पाटालाच बांधा, जमिनीला नको.

घरगुती वजनकाट्यातले तीन तारांचे ५० किलोचे चार सेल वापरले असतील तर त्यांच्या मधल्या जिभेला वाकायला खाली जागा लागते. सपाट लाकडावर चिकटवले की ते मोजतच नाहीत. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, मल्टिमीटर लावा. प्रचलित सेलमध्ये कुठल्या तरी दोन तारांत सुमारे २ किलोओहम दिसेल आणि उरलेली तिसरी या दोन्हींशी सुमारे १ किलोओहम दाखवेल. ती मधली. एका सेलची तार चुकली तर पेटीच्या एका कोपऱ्यावर ठेवलेलं वजन उणे दिसतं, म्हणून चारही कोपऱ्यांवर एकच वजन ठेवून पाहा.

पेटी न उचलता करायची एक तपासणी मी आता दर पंधरा दिवसांनी करतो. सूर्य उगवायच्या आधी छतावर ५ किलोचं माहीत असलेलं वजन हलक्या हाताने ठेवायचं, दोन मिनिटं थांबायचं, उचलायचं. फरक ५ किलोच आला पाहिजे. ४.६ आला तर काहीतरी टेकलेलं आहे. ठेवताना ५ आणि काढल्यावर मूळ आकडा परत येत नसेल तर बोल्ट सैल आहे किंवा सेल कधीतरी जास्त भाराने कायमचा वाकला आहे. महिनोन् महिने भाराखाली असलेला सेल हळूहळू सरकतो, त्याला इलाज नाही. म्हणूनच हंगामाच्या सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा यांची थेट वजाबाकी करू नका. एका दिवसाचा, एका आठवड्याचा फरक भरवशाचा असतो.

वीज, ओल आणि मुंग्या

वजन मधूनच, कसलाही ताल नसताना उडी मारत असेल तर वीजपुरवठा पाहा. सिम८००एल सारखा मोडेम संदेश पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. त्याच क्षणी वजन मोजलं तर दाब खचलेला असतो. क्रम बदला: जागे व्हा, वजन मोजा, साठवा, मग मोडेम चालू करा. मोडेमच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एचएक्स७११ झोपेतून उठल्यावर दर सेकंदाला १० नोंदींच्या वेगाने त्याला स्थिर व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात, म्हणून पहिल्या दहा नोंदी टाकून द्या. उरलेल्यांची सरासरी घेऊ नका, चढत्या क्रमाने लावून मधली घ्या. वाऱ्याचा एखादा झोत सरासरी बिघडवतो, मधल्या आकड्याला तो हलवू शकत नाही. सौर पॅनेल पेटीच्या छतावर असेल तर तो वाऱ्यात शिडासारखा वागतो. त्याला वेगळा खांब द्या.

पावसानंतर आकडा दिवसभर वाहत राहिला तर ओल. १० मायक्रोव्होल्टच्या खेळात बोर्डावरचं दवाचं एक थेंबभर आवरणही पुरे. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) द्या, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, तारा खालून आत घ्या आणि आत घेण्याआधी एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळेल. फटी बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल तांबं खातं आणि तीन महिन्यांनी नवीनच दोष उभा राहतो. डब्याचं छोटंसं भोकही सोडू नका. आतल्या कोरड्या उबेत मुंग्या अंडी घालतात, मी डबा उघडल्यावर एकदा बोर्ड दिसलाच नाही, फक्त अंडी.

पेटीतलं तापमान अचानक १८ किंवा ८५

काट्याबरोबरच येणारी तक्रार म्हणून इथेच सांगतो. पिलावा, म्हणजे वाढती पिल्लं, असलेल्या भागाचं तापमान माश्या ३४ ते ३६ अंशांत राखतात. आलेखावर ८५ दिसलं तर पेटी पेटलेली नाही. डीएस१८बी२० ला वीज मिळाली पण मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं गेलं की तो ८५ सांगतो, तो त्याचा सुरुवातीचा आकडा आहे. १२ बिट रिझोल्यूशनला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ द्या. उणे १२७ दिसलं तर तार तुटली आहे किंवा ४.७ किलोओहमचा रोधक नीट लागलेला नाही.

खरा धोका हे आकडे दिसण्यात नाही, सरासरीत मिसळण्यात आहे. नऊ वेळा ३४.५ आणि एकदा उणे १२७, सरासरी १८.३५. मोबाइलवर सूचना येते की पिल्लं गारठली. माणूस घाबरून थंड सकाळी पेटी उघडतो आणि पिल्लं खरोखर गारठतात. हे दोन आकडे सरासरीच्या आधीच गाळा, आणि पडद्यावर 'सेन्सर बंद' असं स्पष्ट लिहा.

सेन्सर कुठे ठेवला यावरही बरंच काही ठरतं. अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये ओळखलेलं माशीअंतर, म्हणजे माश्या ये-जा करायला मोकळी सोडतात ती फट, मेलिफेरासाठी साधारण ६ ते ९ मिलिमीटर, इलेक्ट्रॉनिक्सलाही लागू आहे. त्याहून रुंद फट ठेवली तर सेन्सरवर पोळं बांधलं जातं, अरुंद ठेवली तर मेलिफेरा तिथे राळ भरते. सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, राळ गोळा करत नाही, पण तिची वसाहत लहान आणि ती पेटी सोडून जायला लवकर तयार असते. तिच्या पेटीत वारंवार हात घालून सेन्सर सरळ करत बसू नका. दोन चौकटींच्या वरच्या पट्ट्यांमध्ये, पिलाव्याच्या मधोमध, बारीक जाळीच्या नळीत घालून एकदाच ठेवा. आर्द्रतेसाठी डीएचटी२२ पेटीच्या दमट हवेत लवकर भरकटतो. एसएचटी३१ जास्त टिकतो.

काटा खरा बोलू लागला की

आता आलेख वाचता येतो. दिवसा दोन-चार ते वीसेक मिनिटांत एक-दोन किलो उतरले आणि संध्याकाळी परत आले नाहीत, पण पिलाव्याचं तापमान ३५ च्या आसपासच आहे: थवा सुटला, जुनी राणी गेली, घर चालू आहे. सातेरीत हा आकडा बराच लहान असेल. वजन उतरलं आणि पुढच्या काही तासांत आतलं तापमान बाहेरच्यासारखं चढू-उतरू लागलं: वसाहत पेटी सोडून गेली. उजेडी तासांत वजन सतत पडतंय, रात्री थांबतंय, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडतंय: लूट चालू आहे, म्हणजे दुसऱ्या पेटीतल्या माश्या मध चोरून नेत आहेत, प्रवेशद्वार लगेच लहान करा. एका आकड्यावरून कधीच नाही, दोन आकडे एकमेकांना दुजोरा देतील तेव्हाच.

रोजच्या नोंदीसाठी एकच वेळ धरा, पहाट. सगळ्या माश्या घरात, धातू थंड, वारा पडलेला. पहाट ते पहाट फरक हाच तुमचा खरा मिळकतीचा आकडा. नासाच्या गोडार्ड केंद्रातले वेन एसायस यांनी 'हनीबीनेट' मध्ये मधपाळांच्या काट्यांवरच्या पेट्यांचं रोजचं वजन गोळा करून फुलोऱ्याचा काळ कसा सरकतो ते पाहिलं. दर मिनिटाच्या नोंदीशिवाय काही कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक नोंद पुष्कळ झाली, बॅटरीही टिकते.

संदेश पोहोचला नाही तर आलेखात रिकामी जागा सोडा. शेवटचा आकडा पुढे ओढू नका, सपाट रेष शांत वसाहतीसारखी दिसते आणि तिच्याआड आठवडाभर बंद पडलेलं यंत्र लपतं. नोंदी आधी स्थानिक कार्डावर, वेळेसह, मग नेटवर्कवर. प्रत्येक संदेशात बॅटरीचा दाबही जाऊ द्या. आणि डब्यावर एक बटण लावा: पेटी उघडताना, साखरपाक देताना, मधकोठी चढवताना ते दाबायचं. नाहीतर सहा महिन्यांनी आलेखातली प्रत्येक पायरी कोडं होऊन बसते.

पेट्या वाढवायच्या असतील तर प्रत्येकीखाली काटा लावायची घाई करू नका. एका ठिकाणच्या वीस पेट्यांना मध्यम ताकदीच्या दोन पेट्यांवर काटे आणि तिसऱ्या काट्यावर दगड पुरतो. दगडाचा काटा हा वाया गेलेला खर्च वाटतो आणि सगळे तोच आधी काढून दुसऱ्या पेटीखाली सरकवतात. माझ्याकडे तो आता तीन हंगाम जागेवर आहे. सकाळी मोबाइल हातात घेतला की आधी दगडाची रेष बघतो. ती सपाट असेल तरच पुढच्या दोन रेषांकडे वळतो, आणि ती हलली असेल त्या दिवशी पेटी उघडत नाही, पाना घेऊन काट्याखाली वाकतो.